सोनमासा नदीत उतरतो तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

गळ टाकून बसणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडं फारसं चांगलं बोललं जात नाही. काम ना धंदा, बसलाय पाण्याकडं बघत, असं म्हणतात. कवीबद्दलही लोक साधारण हेच म्हणतात, त्यामुळं मला या जमातीचा शेजार मानवतो. आज मी बोलणार आहे कार्प माशाबद्दल आणि त्याच्याच भाऊबंदांतल्या सोनमाशाबद्दल, म्हणजे घरोघरी ज्याला गोल्डफिश म्हणतात त्याच्याबद्दल. काचेच्या भांड्यातला हा मासा नदीत किंवा तळ्यात गेला तर त्याचं काय होतं, त्या पाण्याचं काय होतं, आणि तिथं तो आपल्या गळाला लागला तर काय करायचं, एवढाच विषय आहे.

कार्प हे एका माशाचं नाव नव्हे, ते मोठं खानदान आहे. बाजारात मिळणारे रोहू, कटला, मृगळ हे सगळे कार्पच. सह्याद्रीतल्या नद्यांमधला महाशीर हाही कार्पच. ओढ्यातल्या खडकाला धरून राहणारा बोटभर मळ्यासुद्धा याच कुळातला. आणि बाजारात ‘सायप्रिनस’ अशा भारदस्त नावानं विकला जाणारा तो साधा कार्प. सोनमासा हा या साध्या कार्पचा चुलतभाऊ. दोघांना ओळखायची खूण सोपी आहे. साध्या कार्पच्या तोंडाशी चार मिशा असतात, सोनमाशाला एकही नसते. हॉटेलांच्या आवारातल्या हौदात केशरी, पांढरे, काळ्या ठिपक्यांचे जे मोठे मासे फिरतात ते कोई. जपानच्या निगाता भागातल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात साध्या कार्पमधून रंगीत पिल्लं निवडत निवडत ते तयार केले. म्हणजे रंग सारखा दिसला तरी मिशा असेल तर कोई, आणि मिशी नसेल तर सोनमासा.

या मंडळींच्या जबड्यात दात नसतात. दात असतात घशात, तिथं ते घास दळतात. सोनमाशाला आणि साध्या कार्पला जठरही नसतं, घास घशातून सरळ आतड्यात जातो. त्यामुळं एकदा पोटभर खाऊन पडून राहणं यांच्या नशिबात नाही, दिवसभर थोडंथोडं चरत राहावं लागतं. गळ टाकणाऱ्यानं हे ध्यानात ठेवलेलं बरं. मरळ गळावर झडप घालते. कार्प तसं करत नाही. तो तोंड नळीसारखं पुढं काढतो, आमिष चिखलासकट आत ओढतो, चाखतो आणि नको ते थुंकून टाकतो. दोरीला बांधलेलं पीस त्यामुळं आधी नुसतं शहारतं, मग थांबतं. कधी बुडायच्या ऐवजी ते पाण्यावर आडवंच होतं, कारण खाली मासा आमिष उचलून वर येत असतो. नवशिका पहिल्याच थरथरीला हिसका देतो आणि मोकळा गळ वर येतो. जुना माणूस बिडी विझेपर्यंत थांबतो.

आमिष साधंच. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि किंचित गूळ मळून केलेला गोळा, नाहीतर शिजवलेला मक्याचा दाणा. पावाचा गोळाही चालतो. आदल्या संध्याकाळी त्याच जागी मूठभर पेंड टाकून ठेवली तर मासा तिथं चरायला शिकतो. सोनमाशालाही हेच, फक्त गळ बारीक हवा. काठावर पाय आपटू नयेत. या कुळातल्या माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळं त्यांना फार चांगलं ऐकू येतं. आणि सोनमाशाची आठवण तीन सेकंदांची असते ही गोष्ट तर कुणीतरी उठवलेली आहे. नेदरलँड्समध्ये १९७० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत एकदा गळाला लागून सुटलेला कार्प पुढं कितीतरी महिने गळापासून लांब राहिला. आपल्यापैकी किती जण एवढ्या लवकर शहाणे होतात? आणखी एक सांगतो. तळ्यांचा आणि धरणांचा मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. त्यांना विचारून बसावं. त्यांची चूल त्यावर असते.

आता सोनमाशाचा नदीशी संबंध काय, ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथं ४३ फूट म्हणजे धोका, यावरून काय ते समजावं. अर्ध्या गावाच्या तळघरांत, दुकानांत पाणी शिरलं. शेततळी आणि नदी यांत फरक उरला नाही. पूर ओसरून बरेच दिवस झाल्यावर माझे एक भोई मित्र, ज्यांना सगळी गल्ली मामा म्हणते, फेकजाळं घेऊन नदीवर होते आणि मी काठावर नेहमीप्रमाणं बिनकामाचा. जाळं ओढलं तर चिलापीच्या गर्दीत तळहाताएवढा एक केशरी मासा. जाळ्यात कुणी नारंगीची साल टाकावी तसा.

मामा म्हणाले, “शायर, ह्यो तुमचा शोकेसातला मासा. हितं काय करतोय?”

“पुरानं आणला असंल, मामा.”

“आणला तर आणला. पर ह्याला चिखल आवडाय लागला की ह्यो परत शोकेसात जायचा न्हाई.”

त्यांनी तो नदीत परत सोडला नाही. बादलीत पाणी घेऊन काठावरच्या एका पोराला देऊन टाकला. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की मामांचं ते वाक्य म्हणजे या माशाचा अर्धा इतिहास आहे.

या माशाची सुरुवातच मुळात उघड्या पाण्यातल्या जाळ्यातून झाली. चीनमधल्या नद्या-तळ्यांत मातकट, हिरवट रंगाचा एक साधा कार्प असे. हजारो माशांत एखादा जन्मतःच पिवळसर किंवा तांबूस निघे. असा मासा जाळ्यात आला की धार्मिक माणसाला तो मारवत नसे. बौद्ध मठांमध्ये जीवदयेची तळी असत. धरलेला प्राणी विकत घेऊन तिथं सोडला की पुण्य लागतं, अशी श्रद्धा होती. नदीत हा झळझळीत मासा बगळ्याला आणि मोठ्या माशाला पहिल्यांदा दिसला असता. मठाच्या तळ्यात खाणारं कुणी नाही, त्यामुळं तो जगला, त्याला पिल्लं झाली. सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, तो हौदात जाणूनबुजून वाढवला जाऊ लागला. पुढं जपान, सतराव्या शतकात युरोप, आणि मग अख्खं जग. म्हणजे पुण्य मिळवण्यासाठी हा मासा नदीतून घराकडं आला, आणि आज पुण्य मिळवण्यासाठीच लोक तो घरातून नदीकडं नेतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या शेजारच्या कुटुंबाची पुण्याला बदली झाली. सामान बांधून झालं, राहिली काचेची पेटी आणि तिच्यातले दोन सोनमासे. वहिनी म्हणाल्या, “चाचा, रंकाळ्यात सोडून येतो. मोकळे तरी होतील बिचारे. पुण्य लागेल.” त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीनं विचारलं, “तिथं त्यांना मित्र भेटतील का?” आता याचं उत्तर काय द्यायचं? रंकाळ्याच्या काठावर चुरमुरे टाकले की मासे उसळून येतात, ते त्या पोरीनं पाहिलेलं. तिच्या दृष्टीनं ते मित्रच.

खरं उत्तर असं आहे, की सोडलेल्या सोनमाशापुढं दोनच वाटा असतात. पहिली वाट लहान. ज्याला दुहेरी शेपूट, फुगीर पोट, बाहेर आलेले डोळे असतात, अशा नखरेल जातींना नीट पोहताच येत नाही. खंड्या, बगळा, पाणकावळा, मरळ यांच्यापैकी कुणीतरी त्यांचा निकाल लावतो, आणि तोही फार दिवस न लावता. मुक्ती वगैरे काही नाही. दुसरी वाट लांब, आणि पाण्याच्या दृष्टीनं ती जास्त वाईट. साधा, सडपातळ सोनमासा असेल आणि तो पहिले काही महिने तरला, तर तो वाढू लागतो.

भांडं जेवढं तेवढाच सोनमासा वाढतो, असं दुकानदार सांगतो. त्यात सांगायचं राहतं ते हे, की लहान भांड्यात त्याचीच घाण साठत राहते, त्या पाण्यात तो खुरटतो आणि बहुधा लवकर मरतो. जागा आणि चांगलं पाणी मिळालं तर तो हातभर होतो, वीस-वीस वर्षं जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस मिळालेला सोनमासा १९९९ साली, त्रेचाळीस वर्षांचा होऊन मेला. मला इथं मनूच्या माशाची गोष्ट आठवते. ओंजळीत आलेला इवला मासा मनूनं घागरीत ठेवला, घागर पुरेना म्हणून तळ्यात, तळं पुरेना म्हणून गंगेत आणि शेवटी समुद्रात. प्रत्येक भांड्याबरोबर मासा वाढतच गेला. ती कथा रचणाऱ्यानं कधीतरी घरी कार्प पाळला असावा, असा माझा आपला एक संशय आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात व्हॅस नावाची एक नदी आहे. तिथं कुणीतरी सोडलेल्या सोनमाशांची इतकी वीण झाली, की शास्त्रज्ञांना ते वर्षानुवर्षं पकडून काढावे लागले. त्यातले काही दोन किलोंच्या जवळपास भरले. काहींच्या अंगात खुणेचं यंत्र बसवून सोडलं, तर एका माशानं वर्षभरात दोनशे तीस किलोमीटरचा प्रवास केला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल गावच्या तळ्यातून २०२१ साली फुटबॉलएवढे सोनमासे निघाले, तेव्हा नगरपालिकेला जाहीर विनंती करावी लागली, की कृपा करून पाळलेले मासे तळ्यात सोडू नका. २०२२ साली फ्रान्समधल्या एका खाजगी तळ्यात एका हौशी गळवाल्याला तीस किलोंचा केशरी मासा लागला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो महाकाय गोल्डफिश म्हणून छापला. तो खरं तर कोई आणि दुसऱ्या एका कार्प जातीचा संकर होता, पण फोटो मात्र बघण्यासारखा होता.

उघड्या पाण्यात काही पिढ्या गेल्या की सोनमाशाचं सोनं उतरतं. त्याची पिल्लं जन्मतः मातकटच असतात, केशरी रंग नंतर चढतो आणि काहींना तो कधी चढतच नाही. तळ्यात जी झळकतात ती आधी खाल्ली जातात. मातकट उरतात, त्यांचीच वीण पुढं चालते. चीनच्या मठात जे घडलं त्याच्या नेमकं उलट. म्हणून जाळ्यात केशरी मासा दिसला नाही याचा अर्थ पाण्यात सोनमासा नाही, असा होत नाही. मिशी नसलेला हिरवट-तपकिरी कार्प हाती आला तर तो नीट पाहावा.

नुकसान होतं ते त्याच्या चरण्यानं. सोनमासा काय आणि साधा कार्प काय, तळचा गाळ उकरतात, पाणवनस्पतींची मुळं उपटतात. गाळात बसलेलं खत पाण्यात मिसळतं, पाणी गढूळ होतं, वर शेवाळ माजतं. ज्यांना डोळ्यांनी बघून खायचं असतं ते मासे उपाशी राहतात. दुसऱ्यांची अंडीही यांच्या तोंडी जातात. दुकानातल्या टाकीतून येताना अंगात दोऱ्यासारखा रुतणारा परजीवी घेऊन येतात, तो वेगळाच. काश्मीरच्या दल सरोवरात १९५० च्या दशकात साधा कार्प सोडला, आणि तिथले मूळ थंड पाण्यातले मासे मागं हटत गेले. ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात तर कित्येक ठिकाणी एकूण माशांच्या वजनात ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साध्या कार्पचा आहे. रंकाळ्याचं किंवा पंचगंगेचं पाणी कार्पनं बिघडवलं, असं मात्र मी म्हणणार नाही. ते पाप सांडपाण्याचं आहे, आणि ते आपलं आहे. पण बिघडलेल्या पाण्यात कोण टिकतो ते बघा. सोनमासा प्राणवायू जवळजवळ नसलेल्या गारठलेल्या पाण्यातही तग धरतो. त्या अवस्थेत त्याचं शरीर साठलेल्या आम्लाचं मद्यार्कात रूपांतर करतं आणि तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतं. देवानं अंगातच भट्टी दिलेला हा नशीबवान प्राणी! उन्हाळ्यात नदीत मेलेल्या माशांचा खच पडतो, त्यानंतर त्या पाण्यात पुन्हा आधी कोण भरतं, तर चिलापी आणि असले काटक पाहुणे.

इथं मला कोल्हापुरी माणसाला जरा झोंबेल असं बोलायचं आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही आपल्या जिल्ह्याची देणगी, नावासकट. पावसाळा संपत आला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे घालायचे, पाणी अडवायचं, उसाला द्यायचं, आणि पुढच्या पावसाआधी बरगे काढायचे. त्यावर हजारो घरं उभी राहिली, हे मी रोज बघतो. पण माशाच्या बाजूनं बघितलं तर वर्षातले सात-आठ महिने नदी ही नदी नसते, ती एकापुढं एक मांडलेल्या हौदांची रांग असते. आपले कितीतरी जातिवंत मासे पहिल्या पावसात, वाहत्या पाण्यात, वर चढून अंडी घालतात. चढणीचे मासे म्हणतो ते हेच. रोहू-कटलाही बंद तळ्यात आपणहून वीत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शनचा उपाय शोधला तेव्हा कुठं त्यांचं बीज हौदात तयार होऊ लागलं. साध्या कार्पला आणि सोनमाशाला असलं काही लागत नाही. थांबलेलं पाणी आणि चार पाणवनस्पती मिळाल्या की ते पानांना अंडी चिकटवून मोकळे. भांड्यातल्या माशासाठी आपण अख्खी नदी भांड्यासारखी करून ठेवली आहे.

‘बाहेरून आलेला’ हा शब्द मी जपून वापरतो. तो माणसांच्या बाबतीत कसा वापरला जातो ते मला ठाऊक आहे. आणि माशांच्या बाबतीतही तो वाटतो तितका सोपा नाही. आपल्या ताटातले रोहू-कटला मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, कृष्णेत ते माणसानं आणले. साध्या कार्पचा एक वाण १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आला, दुसरा १९५७ मध्ये बँकॉकहून. चिलापी १९५२ ची. गप्पी मासे दक्षिण अमेरिकेचे, आणि ‘गप्पी मासे पाळा’ हे तर आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. कुणी कुठून आला हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. आल्यावर तो दुसऱ्याला जगू देतो का, एवढंच मी विचारतो. शेततळ्यातला कार्प शेतकऱ्याच्या पोरांची फी भरतो, तिथं तो राहू दे. नदीतली गोष्ट वेगळी आहे.

त्या दोन सोनमाशांचं काय झालं? ते रंकाळ्यात गेले नाहीत. गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेत सिमेंटचा हौद होता, मालकाला डासांची अळी खाणारं कुणीतरी हवंच होतं. पोरगी स्वतः पिशवी घेऊन आली आणि माशांना हौदाची ओळख व्हावी म्हणून पिशवी अर्धा तास पाण्यात तरंगत ठेवली. मी तिला सांगितलं, की हौदावर जाळी आहे, बगळा येणार नाही. हौद नसता तर दुकानदाराला परत दिले असते. बरेच दुकानदार घेतात, पैसे देत नाहीत एवढंच. आणि गळाला किंवा जाळ्याला उघड्या पाण्यात सोनमासा लागलाच, तर मामांनी केलं तेच करावं. परत सोडू नये. मोठा असेल तर फोटो काढून मत्स्यव्यवसाय खात्याला कळवावं, म्हणजे कुठल्या पाण्यात तो आहे याची नोंद तरी होईल.

विल्यम साइक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी दख्खनच्या नद्यांवर हिंडला आणि १८३९ च्या सुमारास त्यानं इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. त्या माणसाचं मला कौतुक वाटतं ते अशासाठी, की त्यानं माशांना लॅटिन नावं देताना मराठी नावं तशीच ठेवली, त्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी. खुद्री, कोलुस, मुल्या, फुलुंगी, नुक्ता. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत आज हे मासे याच नावांनी ओळखले जातात. कोळ्या-भोयांची मराठी अशी शास्त्राच्या पोथीत जाऊन बसली आहे. यातला नुक्ता मुख्यतः कृष्णेच्या खोऱ्यातला. हाही कार्पच. उर्दूत नुक्ता म्हणजे अक्षरावरचा ठिपका, आणि तो ठिकाण चुकला तर खुदाचा जुदा होतो, असं आमच्याकडं म्हणतात. हा मासा आता जगाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

मागच्या पावसाळ्यात मामांना विचारलं, नुक्ता शेवटचा कधी पाहिला? ते जाळ्याची गाठ मारत होते. हात थांबवून त्यांनी जरा आठवलं.

“माझ्या जाळ्यात न्हवं. बाच्या जाळ्यात बघितल्याला. नाकाडावर टेंगूळ असतंय त्येच्या. बा म्हणायचा, ह्येला वाहतं पाणी लागतंय.”

मग ते पुन्हा गाठीकडं वळले.